मागे कोणी नाही असं समजा

माझं काम ऐकून लोकांना गंमत वाटते. माणसं चुकतात आणि मी बघत बसते. चूक कुठे झाली ते मला दिसत असतं, बटण कुठे आहे तेही ठाऊक असतं, तरी तोंड उघडायचं नाही. आमच्या ऑफिसचा नियमच आहे : कोणी आमची साइट वापरून बघत असेल तर त्याच्या मागे खुर्ची टाकायची, दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि गप्प बसायचं. हात मांडीखाली अशासाठी, की बोट दाखवायचा मोह होतो. नियम मीच केलाय, कारण मोह मलाच सगळ्यात जास्त होतो.

लहानपणी मला घरात भिंगरी म्हणत. एका जागी पाच मिनिटं टिकत नसे. दुसऱ्याच्या हातातलं काम हिसकावून घ्यायचं आणि वर 'एवढंही येत नाही?' असं विचारायचं, ही माझी रीत. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे, वय वाढलं तरी फार फरक पडलेला नाही. अशा बाईला गप्प बसण्याचा पगार मिळतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बाबा हसून हसून शिलाईयंत्रावर आडवे झाले होते.

आमची साइट व्यायाम करणाऱ्यांची आहे. आज काय केलं, किती वजन उचललं, किती वेळा उचललं ते लिहायचं आणि आपल्या माणसांना पाठवायचं, एवढीच कल्पना. पण शंभर माणसं नव्याने आली तर दोन महिन्यांनी त्यातली अडतीस उरतात. बाकीची बासष्ट कुठे जातात, हा गेल्या वर्षभरातला आमचा मोठा प्रश्न. साहेबांचं निदान ठरलेलं होतं : फॉर्म लांबलचक आहे. 'तीन टिचक्यांत व्यायाम लिहून झाला पाहिजे,' असं ते दर बैठकीत म्हणायचे. साहेब स्वतः पहिल्या मजल्यावर लिफ्टने येतात, पण व्यायामाबद्दल त्यांची मतं अगदी पक्की आहेत.

साइट प्रत्यक्ष बांधणारा आमचा प्रोग्रामर. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर असेल, ऑफिसात सगळे त्याला सबुरी म्हणतात. काहीही सांगायला जा, तो कीबोर्डवरून नजर न काढता म्हणतो, "जरा सबुरी." माझ्यासारखी तापट बाई आणि हा, एका टेबलाला सहा वर्षं टिकलोय, म्हणजे दोघांपैकी एकाचा तरी स्वभाव चांगला असणार. माझा नाही.

आमच्या दोघांची मिळून एक करामत होती, तिचा मला भारी अभिमान होता. तिचं नाव 'घरची यादी'. पूर्वी काय व्हायचं, सबुरी काही नवीन बांधलं की खोट्या खात्यांवरून शेकडो खोटे व्यायाम पाठवून बघायचा, आणि लोकांचे फोन उगाच वाजत राहायचे. शिवाय आमच्यापैकी प्रत्येकाच्या मावश्या, आत्या, मेहुणे आम्हीच ऑफिसातून उघडून दिलेल्या खात्यांवरून येऊन 'छान छान' करून जायचे, त्यामुळे आकडे फुगायचे. घरचे लोक कधी खरं सांगत नाहीत, हे माझं लाडकं वाक्य. म्हणून मी ठरवलं आणि सबुरीने बांधलं : ऑफिसच्या कुठल्याही यंत्रावरून उघडलेलं खातं आपोआप घरच्या यादीत जाईल. त्या खात्याला सगळं नेहमीसारखं दिसेल, लिहिता येईल, पाठवताही येईल. फक्त पाठवलेलं कोणाकडे पोचणार नाही आणि मोजलंही जाणार नाही. माझं स्वतःचं खातं त्याआधीचं, म्हणून ते यादीबाहेरच राहिलं. एकदा करून टाकलं आणि मी विसरूनही गेले.

आता बाबांबद्दल.

बाबा शिंपी. चव्वेचाळीस वर्षं त्याच गल्लीत, त्याच दुकानात, वर राहायचं आणि खाली शिवायचं. यंत्र कोणीही चालवतं, कापड बेतावं बाबांनीच, असं त्यांच्याबरोबरीचे कारागीर म्हणत. त्यांची एक शिस्त होती. गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं की 'घ्या हो, माझं माप तुम्हाला पाठ आहे,' तरी ते टेप काढायचे, मोजायचे, आणि वहीत लिहिल्याशिवाय कात्री हातात घ्यायचे नाहीत. "तोंडी माप कापड खातं," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या स्वप्नातसुद्धा येतं.

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र खांद्याला टांगून ठेवल्यासारखा राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं आपलं. रोज करायचं, कंटाळायचं नाही. केलं तर कात्री पुन्हा धरता येईल, थांबलात तर बोटं आखडतील आणि मग देवसुद्धा सोडवू शकणार नाही. बाबांनी बाकी काही विचारलं नाही. कात्री एवढा एकच शब्द त्यांनी धरून ठेवला.

दादा नोकरीपायी दूर असतो. घर आणि दुकान वहिनी सांभाळते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने तासाभरावर. रोज जाणं जमत नव्हतं, म्हणून एका रविवारी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गेले आणि बाबांचं खातं उघडून दिलं. त्यांच्या फोनवरही घालून दिलं. सगळं माझ्याच हातांनी, भराभर. मांडीखालचे हात घरी कोण ठेवतंय! "बाबा, रोज काय केलं ते इथे लिहायचं आणि हे बटण दाबायचं. मला लगेच दिसेल."

"तुला दिसेल?"

"लगेच."

"मग लिहीन," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काही आलं नाही. आठवडा गेला, काही आलं नाही. दर रविवारी मी फोन करायची, "बाबा, करताय ना?" आणि ते म्हणायचे, "करतो की." मी आपली साइट उघडून बघायची, तर माझ्या पानावर लोकांचे शंभर-शंभर किलोचे पराक्रम होते आणि बाबांची एक ओळ नव्हती. म्हणजे हे मला थापा मारतायत! जन्मात खोटं न बोललेला माणूस म्हातारपणी व्यायामाच्या बाबतीत लहान मुलासारखं करतोय, असं मी ठरवून टाकलं. त्यांचं पान स्वतः उघडून बघावं हे मला सुचलं नाही. आपल्याकडे काही आलं नाही म्हणजे तिकडून काही निघालंच नाही, अशी माझी खात्री. हीच खात्री दुसऱ्या कोणी धरली असती तर मी त्याला बैठकीत सोलून काढलं असतं.

सात आठवडे मी दम धरला, आणि एका रविवारी सुटला. "बाबा, मला सगळं दिसतं हं इथून. फसवू नका. याला व्यायाम म्हणत नाहीत. असंच करायचं असेल तर राहू दे ते!"

मग बाबा म्हणाले, "बरं." आणि फोन वहिनीकडे दिला.

त्यानंतर वहिनीचेच फोन यायला लागले. "ताई, बाबा हल्ली हातच हलवत नाहीत. सकाळी उठून बसतात, चहा घेतात, पुन्हा आडवे होतात. काही बोललं का कोणी त्यांना?" मी म्हटलं, मी बोलले होते, पण व्यायाम करा म्हणूनच बोलले होते. आणि खरं सांगते, तेव्हा मला त्यांचाच राग आला. चोराच्या उलट्या बोंबा, असंसुद्धा मनात आलं. वडिलांबद्दल.

आणखी तीन आठवडे तसेच गेले. मग आमच्या पाहणीचा दिवस उजाडला.

पाहणी म्हणजे पाच माणसं बोलवायची आणि साइट वापरताना बघायची. पाचच का, असं साहेब नेहमी विचारतात. शितावरून भाताची परीक्षा, असं मी नेहमी सांगते. बोलावलेल्या माणसाला सबुरी शेजारी बसून समजावतो : ही तुमची परीक्षा नाही, साइटची आहे. काही अडलं तर चूक आमची. आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. मागे ही बाई बसलीय, पण मागे कोणी नाही असं समजा. लोक सुरुवातीला लाजतात. "हं... हे बटण... बरं..." यापलीकडे फारसं कोणी जात नाही.

त्या दिवशी चारजण येऊन गेले. पाचवा होता एक बसड्रायव्हर, त्याची पाळी बदलली म्हणून तो आलाच नाही. आणि नेमकी तेव्हा वहिनी बाबांना घेऊन दारात उभी राहिली. व्यायामाच्या बाईंचं दवाखान्यातलं बसणं आमच्याच रस्त्यावर आहे. तपासणी झाली की बाबांना माझ्याकडे सोडून ती दुकानासाठी दोरे, बटणं आणायला जाणार होती.

तिने मला कोपऱ्यात घेतलं. "बाई म्हणाल्या, तीन आठवडे फुकट गेले. बोटं आखडायला लागलीयत. आणखी महिनाभर असंच गेलं तर कात्रीचं विसरा. त्यांनी मुद्दाम कात्री आणायला सांगितली होती, उचलून दाखवा म्हणून. बाबांनी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. ताई, तुम्ही काहीतरी करा. माझं ते ऐकत नाहीत."

मी बाबांकडे पाहिलं. खुर्चीत नीट बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर उजवा हात डाव्या हाताने उचलून ठेवलेला. मला राग आणि रडू दोन्ही आलं. अशा वेळी मी नेहमी रागाची बाजू घेते, पण ऑफिस होतं म्हणून गप्प बसले.

वहिनी गेल्यावर सबुरी म्हणाला, "पाचवं माणूस आलंय की. काकांनाच बसवू या."

"घरचं माणूस चालत नाही. नियम आहे."

"जरा सबुरी. साहेबांना पाच हवीत. आणि यांच्या फोनवर आपली साइट आहे, मघाशी दिसली मला."

मला वाटलं, बरंच आहे. खातं उघडलं की रिकामं पान सगळ्यांसमोर दिसेल, आणि मग बाबांना कबूल करावं लागेल. हे मी मनात आणलं होतं, ते लपवत नाही.

त्यांचा फोन तारेने भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. फोनवर जे होईल ते तिथे दिसणार. मी मागे खुर्ची टाकली, हात मांडीखाली घातले. सबुरीने सगळं समजावलं.

"मोठ्याने बोलू?" बाबांनी विचारलं. "सगळं?"

"मनात येईल ते सगळं, काका."

"आणि ही?" त्यांनी मान न वळवता माझ्याकडे अंगठा केला.

"मागे कोणी नाही असं समजा."

"बरं. नाही," बाबा म्हणाले. सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करायचं, ही त्यांची चव्वेचाळीस वर्षांची सवय.

"एक व्यायाम लिहा आणि कोणाला तरी पाठवा," सबुरीने काम दिलं.

"आता मी आत शिरतो," बाबा बोलू लागले. "डाव्या हाताने दाबतो, वेळ लागेल, घाई करू नका. हे वरचं हिरवं बटण. हे फार वर आहे, एका हाताने फोन धरला तर अंगठा पोचत नाही. म्हणून मी फोन टेबलावर ठेवतो आणि बोटाने दाबतो. आता व्यायामाचं नाव विचारतंय. यादीत पुष्कळ नावं आहेत, त्यात माझं कुठलं नाही. सगळ्यात खाली 'इतर' आहे, तिथवर जायला अकरा वेळा बोट ओढावं लागतं. मी रोज 'इतर'च घ्यायचो."

सबुरी भराभर लिहून घेत होता. मी मात्र चक्रावले. रोज? यांना रस्ता पाठ होता. हिरवं बटण कुठे आहे हे आधीच्या चारही माणसांना शोधावं लागलं होतं.

"आता वजन. ही चौकट मोठी वाईट आहे, राग मानू नका. रिकामी ठेवली तर लाल होते आणि पुढे जाऊ देत नाही. सगळ्यात कमी अर्धा किलो आहे. आता रिकामा चमचा अर्धा किलोचा कसा असेल? पण तसं लिहिल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणून मी वर अर्धा किलो लिहायचो आणि खाली शेऱ्यात खरं काय ते लिहायचो. दाखवू?"

"दाखवा," सबुरी म्हणाला.

बाबांनी जुनी पानं उघडली. भिंतीवर यादी आली. एक्कावन्न व्यायाम. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात : पाठवला, भिंगरी.

मला पहिल्यांदा वाटलं, साइट चुकतेय. बाबा एकेक उघडत गेले.

'बोटं उघडली, मिटली. पाच वेळा. वर अर्धा किलो लिहिलंय ते खोटं आहे. वजन काही नाही.'

'रिकामा चमचा. तीन वेळा. वजनाचं वरीलप्रमाणे.'

'चमचा, पाण्यासकट. सांडलं. पुन्हा. वजनाचं वरीलप्रमाणे.'

'सदऱ्याचं बटण लावलं. वरचं. एक. सुनेने लावायला घेतलं होतं, तिला थांबवलं. वजनाचं वरीलप्रमाणे.'

आणि सगळ्यात वरचा, एक्कावन्नावा. मी तारीख पाहिली. तोच रविवार. मी फोन केला त्याच्या तासाभर आधीची वेळ.

'आज कात्री उचलली. कापलं नाही. उचलली. चार वेळा. वजन या खेपेला खरं आहे, कात्री अर्ध्या किलोचीच आहे.'

घरची यादी. ऑफिसचा लॅपटॉप. मला सगळं एका क्षणात कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाही मीच लावलेला आणि अंधारही मीच केलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा पुढे बोलायला लागले आणि मी थांबले. माझे बाबा माझ्याशी कधी असं बोललेले नाहीत. हवापाणी, जेवलीस का, दमतेस का, एवढंच आमचं बोलणं. मी 'बाबा' म्हटलं असतं तर ते तिथेच गप्प झाले असते.

"आता कोणाला पाठवायचं ते विचारतंय. यादीत एकच नाव आहे. ही माझी लेक. हिला रोज पाठवायचो. तिनेच सांगितलं होतं, मला लगेच दिसेल म्हणून." बोट पडद्यावर थांबलं होतं. "ती उत्तर द्यायची नाही. कामात असते. मला काही उत्तर नको होतं." मग थोडं थांबून, "नाही. हवं होतं. मनात येईल ते बोला म्हणालात म्हणून सांगतो, हवं होतं."

सबुरीचं लिहिणं थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून त्याला गप्प राहायला सांगितलं. मांडीखालच्या हातांवर मी सगळा भार टाकून बसले होते.

"मग ती एकदा म्हणाली, याला व्यायाम म्हणत नाहीत. कात्री उचलली त्याच दिवशी म्हणाली. मी म्हटलं, वाचलं असणार हिने. ती रोज मोठमोठ्या लोकांचे व्यायाम बघते, शंभर किलो, दीडशे किलो. त्यांच्यापुढे कात्री चार वेळा म्हणजे काय? तिचं काही चुकलं नाही. पण त्यानंतर हात उचलला की मला लाज वाटायला लागली. म्हणून सोडलं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आता पाठवू का? आज काही केलंच नाही, पाठवायचं काय? नको. हे मागे जायचं बटण. विचारतंय, लिहिलेलं पुसलं जाईल, बाहेर पडायचं? हो. झालं. मी बाहेर पडलो."

बासष्टांपैकी एक माझ्या डोळ्यांसमोर बाहेर पडला होता.

बाबा सबुरीकडे वळले. "बरोबर केलं का मी?"

शेवटी हे सगळेच विचारतात, आणि त्याचं उत्तर ठरलेलं आहे. आजवर मी ते शेकडो वेळा तोंडपाठ म्हटलंय. त्या दिवशी उठून त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "तुमचं काहीच चुकलं नाही, बाबा. चूक माझी आहे. मला यातलं एकही मिळालं नाही."

"एकही?"

"एकही नाही. तुमचं खातं मी चुकीच्या यंत्रावरून उघडलं. तुम्ही पाठवत होतात, ते वाटेतच अडत होतं. मी केलेल्या नियमामुळे अडत होतं. मला वाटलं तुम्ही लिहीतच नाही."

बाबांनी हे सावकाश आत घेतलं. "बटणाचंही नाही मिळालं?"

"नाही."

"चमच्याचं?"

"नाही, बाबा."

"मग ओरडलीस ते कशावरून?"

"काही आलं नाही, यावरून."

"न मोजता कापलंस," बाबा म्हणाले.

त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शिवी मी ऐकलेली नाही. दुकानातल्या कारागिरालासुद्धा ते हे वाक्य वर्षातून एखाद्या वेळीच ऐकवायचे, आणि तो दिवसभर मान वर करत नसे. मी म्हटलं, "हो. न मोजता कापलं. चुकलं माझं." माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत, कारण हात इतके बधिर झाले होते की उचलवत नव्हते.

बाबांनी फोनवर पुन्हा ती यादी उघडली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू वर आलं. "म्हणजे," ते म्हणाले, "कात्री उचलली हे तुला ठाऊकच नाही!"

"नाही ना."

"उचलली होती मी. चार वेळा."

"दाखवा."

त्यांनी पिशवी उघडली. ती काळ्या मुठीची कात्री मी जन्मापासून बघत आलेय. लहानपणी तिला हात लावला म्हणून मी मारसुद्धा खाल्लाय. डाव्या हाताने ती टेबलावर ठेवली, मग उजवा हात उचलून तिच्यावर ठेवला, आणि डावा बाजूला घेतला. बोटं मुठीत शिरेनात. एकेक बोट आत जायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. कात्री जेमतेम हलली आणि खण्णकन टेबलावर पडली.

"तीन आठवडे गेले," बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदाही पडली. मी पुन्हा मागच्या खुर्चीत जाऊन बसले आणि हात मांडीखाली घातले. धरून देणं मला फार सोपं होतं, म्हणूनच.

तिसऱ्यांदा कात्री टेबलावरून सुटली. वीतभर वर गेली, थरथरत तिथे राहिली आणि खाली आली. पडली नाही, त्यांनी ठेवली.

"एक," बाबा म्हणाले.

मी सबुरीला म्हटलं, "बाबांना घरच्या यादीतून काढ. आत्ता." तो 'जरा सबुरी' म्हणाला नाही. त्याची बोटं आधीच कीबोर्डवर होती.

"लिहून देऊ का मी?" हे माझ्या तोंडून गेलंच.

"तू मागे बस," बाबा म्हणाले.

त्यांना लिहायला अकरा मिनिटं लागली. फोन टेबलावर, डाव्या हाताचं एक बोट, अकरा वेळा ओढून 'इतर'. मी बघत होते आणि साहेबांच्या तीन टिचक्यांचा विचार करत होते. या माणसाने एक्कावन्न वेळा असाच लांबलचक फॉर्म भरला, वर खोटं आणि खाली खरं लिहून भरला, आणि फॉर्म लांब आहे अशी तक्रार एकदाही केली नाही. तो थांबला तो पलीकडे कोणी नाही म्हणून. त्याहून वाईट म्हणजे, पलीकडे कोणी आहे आणि तिला हे पुरेसं वाटत नाही, असं वाटलं म्हणून. बाकीच्या एकसष्टांचं मला माहीत नाही. त्यांना फोन करून विचारायला हवं. न मोजता काही ठरवायचं नाही, असा मी कानाला खडा लावला.

'इतर'. वजन, अर्धा किलो. शेऱ्यात त्यांनी लिहिलं : 'कात्री. एक वेळा. वजन खरं आहे.' मग कोणाला पाठवायचं ते आलं. एकच नाव होतं. त्यांनी दाबलं.

माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

बाबांनी मान वळवली. "आला का?"

"आला, बाबा."

"वाचलास?"

"अहो, इथे बसून डोळ्यांनी पाहिलं की मी!"

"तोंडी माप कापड खातं," बाबा म्हणाले. "तिथे लिही."

मी हात मांडीखालून काढले. पार मुंग्या आल्या होत्या, फोन धरवेना, अक्षरं चुकत होती. दोनदा पुसून लिहिलं. बाबा माझ्याकडे न बघता आपल्या फोनकडे बघत वाट पाहत होते. त्यांचा फोन टेबलावर थरथरला. त्यांनी चष्मा खाली ओढला, वाकून वाचलं.

"उत्तर आलंय. 'पाहिलं, बाबा. उद्याचीही वाट बघते,' असं लिहिलंय," ते सबुरीला म्हणाले. मोठ्याने बोलणं थांबवा, असं त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. "मला बरं वाटलं."